विकतचे गोड आणि घरचा पाहुणचार

ज्या घरची मुलगी रुग्णसेवेसाठी परदेशी गेली आहे, त्या घरातील आईबापांना तिच्या पगाराइतकीच आणखी एका गोष्टीची चिंता असते. ती वेळेवर जेवते काय, आणि तिच्या दारी पाहुणा आला तर त्याच्यापुढे ती काय ठेवते? गावातील शेजारीपाजारीही पहिल्याने हेच विचारतात. ‘दुकानातले आणून ठेवते’ असे उत्तर दिले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित नापसंती उमटते. विकतचा पदार्थ म्हणजे आळस, आणि आळस म्हणजे संस्कारांचा विसर, असा हिशेब आपण फार लवकर मांडतो. तो कितपत खरा आहे, हे एका लहानशा पदार्थाच्या निमित्ताने पाहावे, असे आम्हांस वाटले.

जर्मनी आणि आपल्याकडील ख्रिस्ती कुटुंबे यांचा संबंध आजचा नव्हे. येथे इंदूरला ‘दिव्य शब्द’ संघाचे मिशनरी १९३२ साली आले; तो संघ एका जर्मन धर्मगुरूने, संत आर्नोल्ड यान्सेन यांनी, १८७५ साली स्थापिला होता. पुढे १९६० नंतरच्या दशकात केरळातील शेकडो तरुणी चर्चच्या मार्फत पश्चिम जर्मनीतील रुग्णालयांत गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये भारत व जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला, आणि आता मध्य प्रदेश-महाराष्ट्रातील मुलीही त्या वाटेने जाऊ लागल्या आहेत. आमची कन्या त्यांपैकीच एक. गेल्या वर्षी आम्ही उभयता इंदूरहून तिच्याकडे एसेन शहरी काही आठवडे राहून आलो.

हे एसेन म्हणजे स्वस्त किराणा दुकानांचे माहेरच म्हणावयास हवे. १९१३ साली ॲना आल्ब्रेख्त नावाच्या बाईंनी तेथे एक छोटे दुकान थाटले. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल व थिओ या त्यांच्या मुलांनी ते हाती घेतले आणि १९६२ पासून त्यांच्या दुकानांस ‘आल्डी’ हे नाव पडले. युक्ती अगदी साधी होती. माल थोड्याच प्रकारचा ठेवावयाचा, तो खोक्यांतच मांडावयाचा, सजावटीवर पैसा घालवावयाचा नाही, आणि वाचलेला पैसा किमतीत कमी करावयाचा. अशा दुकानांत आज श्रीमंतही जातात आणि रात्रपाळी संपवून थकलेली परिचारिकाही जाते.

तशाच एका स्वस्त दुकानातून आमच्या कन्येने फळे व बदाम यांच्या गोठविलेल्या टार्टचे एक खोके आणले होते. टार्ट म्हणजे खुसखुशीत पिठाची उथळ वाटी. तिच्यात बदामाच्या पुडीचा मऊ थर, वर आंबटगोड लाल फळे आणि कडेला बदामाचे काप. जर्मन लोकांत रविवारी दुपारी तीन-चारच्या सुमारास कॉफी व केक घेण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडील चहा-फराळासारखीच ती समजावी. तेथील राज्यघटनाच रविवारच्या विश्रांतीस संरक्षण देते, म्हणून बहुतेक दुकाने त्या दिवशी बंद असतात. पाहुणे रविवारी येणार असतील तर शनिवारीच सोय करून ठेवावी लागते. रुग्णालयास मात्र रविवार नसतो. ती त्या रविवारी सकाळी ड्यूटीवरून परतली, आणि दुपारी तिच्या वॉर्डातील दोघी मैत्रिणी व खालच्या मजल्यावरील एक वृद्ध जर्मन बाई यावयाच्या होत्या.

‘आपण करंज्या करू,’ असे तिच्या आईने सुचविले. तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘आई, त्या केल्या तर मी पाहुण्यांशी बोलणार कधी? मला दोन तास तरी झोपू दे.’ आम्ही गप्प बसलो आणि खोके उघडले.

आता चवीविषयी. त्यांतील एक टार्ट आम्ही नुसतेच वितळू दिले, आणि बाकीची वितळल्यावर भट्टीत काही मिनिटे तापविली. नुसते वितळलेले टार्ट चवीला वाईट नव्हते; पण तळाचे पीठ सादळले होते आणि फळांचे पाणी सुटले होते. तापविलेल्यांची कड पुन्हा कुरकुरीत झाली, बदामाचा सुवास दरवळला आणि फळांचा आंबटपणाही खुलला. गोडी आपल्या मिठाईच्या मानाने कमी होती. प्रथम ती फिकी वाटली. दुसऱ्या घासास मात्र त्यातच फळाची खरी चव आहे, हे कळून आले.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. फळ गोठले की त्याच्या पेशींतील पाण्याचे स्फटिक बनतात आणि पेशींची भिंत फाटते. म्हणून वितळताना रस गळतो. गोठविण्याची क्रिया जितकी जलद, तितके स्फटिक बारीक व हानी कमी. लॅब्राडोरमधील मूळ रहिवासी कडाक्याच्या थंडीत मासे झटपट कसे गोठवितात हे पाहून क्लॅरेन्स बर्ड्झआय या अमेरिकन गृहस्थाने १९२० नंतरच्या दशकात हा व्यवसाय उभारला. टार्टमधील बदामाचा थर केवळ श्रीमंतीसाठी नसतो. फळांचा रस तो शोषून घेतो आणि तळाचे पीठ वाचवितो. जर्मन गृहिणी बदाम नसतील तर फळांखाली पावाचा चुरा किंवा रवा पसरते. आपल्या करंजीच्या सारणात खसखस-रवा घालणाऱ्या आजीबाईंस ही विद्या नवी वाटणार नाही.

खोक्यावरील मजकूरही वाचण्याजोगा होता. युरोपातील नियमानुसार घटक त्यांच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि बदाम, गहू, दूध, अंडी यांसारखे ॲलर्जीकारक पदार्थ ठळक दाखवावे लागतात. ज्यांस बदाम-अक्रोडाचे वावडे असते त्यांच्या जिवाचाच हा प्रश्न असतो. आपल्याकडेही वेष्टन वाचण्याची सवय लावून घ्यावी. इंदुरात आपले कितीतरी शेजारी अंडे खात नाहीत. अंडे असलेल्या तयार पदार्थावर आपल्या कायद्याप्रमाणे शाकाहाराची हिरवी खूण नसते, तपकिरी त्रिकोण असतो. घरी केलेल्या पदार्थावर कोणतीच खूण नसते. तेथे यजमानाने तोंडाने सांगणे हाच कायदा. शेजाऱ्याच्या ताटात काय वाढले आहे हे त्याला आधी सांगणे, यातच अर्धा पाहुणचार आहे.

इंदूरला परतल्यावर हाच पदार्थ आम्ही घरी करून पाहिला. पिठाचे माप जर्मन घरांत एक-दोन-तीन असे तोंडपाठ असते : शंभर ग्रॅम साखर, दोनशे ग्रॅम बिनमिठाचे लोणी, तीनशे ग्रॅम मैदा. हलक्या हाताने मिसळून गोळा अर्धा तास थंड ठेवावा, मग ताटलीत थापावा. पीठ उरले तर त्याची बिस्किटे करावीत. वरच्या थरासाठी बदामपूड, साखर व लोणी प्रत्येकी शंभर ग्रॅम आणि दोन अंडी एकत्र फेसावीत. बदाम परवडत नसतील तर काजू घ्यावेत. गोव्यातील ख्रिस्ती घरांत मार्झिपान काजूचेच करतात. वर पिकल्या जामफळाच्या फोडी मांडाव्यात. सीताफळ मात्र वापरू नये; तापविले की ते कडवट होते. एकशे ऐंशी अंशांवर सुमारे पाऊण तास भाजावे. घरी भट्टी नसेल तर नानकटाई भाजून देणाऱ्या बेकरीवाल्यास विचारून पाहावे.

गोठविलेले पदार्थ गावी नेणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. असा माल उणे अठरा अंशांवर राहावयास हवा. साध्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड नसतो, आणि वीज गेली की तोही भरवशाचा राहत नाही. बसच्या प्रवासात एकदा वितळलेले टार्ट पुन्हा गोठवू नये. ते थंड ठेवून लवकर खावे, आणि वास किंवा चव बदलली असेल तर टाकून द्यावे. वाचविलेल्या चार पैशांपायी मुलांचे पोट बिघडवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या रविवारी आमची कन्या दुपारी दोनपर्यंत झोपली. उठून तिने टार्ट तापविली, कॉफी केली आणि पुढचे दोन तास ती पाहुण्यांजवळ बसून राहिली. त्या वृद्ध बाईंचे पती वर्षापूर्वी निवर्तले होते. त्या त्यांच्याविषयी बोलत होत्या आणि आमची कन्या ऐकत होती. भाषा आम्हांस कळली नाही. पण जाताना त्या बाईंनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही. करंज्या तळण्यात ती दुपार गेली असती, तर हे घडले असते काय?

याचा अर्थ चूल बंद करावी असा मुळीच नाही. ज्या घरात नाताळच्या आधी सारी भावंडे मिळून करंज्या मुरडतात, त्या घरात काम आणि सहवास एकच असतो. तेथे खोके आणणे म्हणजे तो सहवासच विकून टाकणे होय. परंतु जेथे एकच थकलेला जीव स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात ओढला जातो, तेथे विकतच्या ताटलीस दोष देऊ नये. गोड घरचे आहे की दुकानचे, एवढ्यावरून पाहुणचाराची परीक्षा होत नाही. दमलेल्या यजमानाजवळ पाहुण्यासाठी काय उरले, हे पाहावे. म्हणून परदेशी असलेल्या मुलीस पुढच्या वेळी फोन कराल, तेव्हा ‘काय केलेस?’ असे विचारण्याआधी ‘झोपलीस ना?’ असे विचारा.