अतिनिद्रा विकार आणि वाहनचालन

रात्री पुरेसा वेळ झोपूनही दिवसा वारंवार झापड येणे, बोलताना, जेवताना किंवा काम करताना अनावर डुलकी लागणे, ही ज्यांची मुख्य लक्षणे असतात, अशा विकारांना अतिनिद्रा विकार म्हणतात. झोपेतील श्वासरोध, नार्कोलेप्सी आणि निश्चित कारण न सापडणारी अतिनिद्रा हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. अशा व्यक्तीने वाहन चालविणे कितपत सुरक्षित आहे, हे ठरविणे वैद्यकास, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास आणि खुद्द रुग्णासही अवघड जाते. दृष्टिदोष फलकावरील अक्षरे वाचावयास लावून मोजता येतो. झोपेचे तसे नाही; तपासणीच्या खोलीत आलेला मनुष्य जागाच असतो.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आले आहे. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक क्षेत्रांमुळे येथे रात्रंदिवस मालमोटारींची ये-जा असते. शहराच्या उत्तरेकडून नागपूर ते मुंबई हा ७०१ किमी. लांबीचा समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किमी.चा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग रुंद व बव्हंशी सरळ असून त्यावर चौक किंवा समोरून येणारी वाहने नसतात. कन्नडच्या घाटात वळणेच चालकाला जागे ठेवतात; सरळ मार्गावर ते काम त्याच्या मेंदूला एकट्याने करावे लागते. मोटारींना सपाट प्रदेशात ताशी १२० किमी. वेगाची मुभा आहे. या वेगाने वाहन सेकंदाला सु. ३३ मी. अंतर तोडते. म्हणजे चार सेकंदांच्या डुलकीत ते १३० मी.हून अधिक अंतर चालकाविना जाते. इतकी अल्प डुलकी लागून गेल्याचे कित्येकदा चालकाला कळतही नाही.

झोपेमुळे झालेला अपघात नंतर सिद्ध करणेही कठीण असते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले; परिवहन खात्याच्या तपासणीत त्यास पुष्टी मिळाली नाही. चालकाला डुलकी लागली असावी, अशी शंका व्यक्त झाली आणि पुढे रक्ततपासणीच्या अहवालावरून मद्यप्राशनाचा मुद्दाही पुढे आला. मद्याचा अंश रक्तात सापडतो. झोपेचा माग मात्र कोणत्याही तपासणीत उरत नाही. त्यामुळे विचार अपघातापूर्वीच करावा लागतो.

प्रथम पाहावयाचे ते असे की, समोरची व्यक्ती विकारग्रस्त आहे की केवळ झोपेला मुकलेली आहे. सलग १७ तास जागे राहिल्याने कार्यक्षमतेत होणारी घट रक्तातील ०.०५ टक्के मद्यांशाने होणाऱ्या घटीएवढी असते, असे ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन व कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये दाखविले. भारतात वाहनचालकासाठी ठरविलेली मर्यादा याहून कमी, म्हणजे १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. (०.०३ टक्के) आहे. पहाटेच्या सुमारास व दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीराच्या दैनिक लयीमुळे निरोगी माणसालाही पेंग येते. चालकाचे काम सामान्यतः दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांहून अधिक असू नये, अशी तरतूद मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ मध्ये होती. परंतु ज्याच्याकडून याहून बरेच जास्त काम घेतले जाते, त्याच्या झोपाळूपणास रोग म्हणणे म्हणजे मालकाचा दोष चालकाच्या माथी मारणे होय. म्हणून दोन आठवड्यांची झोपेची दैनंदिनी लिहवून घेणे ही तपासणीची पहिली पायरी मानतात.

वेळ मिळूनही झोप भागत नसेल, तर विकाराचा शोध घेतात. झोपेतील श्वासरोध हा यांत सर्वाधिक आढळतो. घशाचा मार्ग झोपेत मिटून श्वास दहा सेकंद वा अधिक काळ थांबतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो आणि हे चक्र रात्रभर चालते. मोठ्याने घोरणे, स्थूलता व आखूड जाड मान ही त्याची बाह्य चिन्हे होत. एका तासात असे किती प्रसंग येतात, यावरून तीव्रता ठरवितात. १५ पासून मध्यम व ३० पासून तीव्र समजतात. नार्कोलेप्सी हा त्यामानाने विरळा विकार असून त्याच्या एका प्रकारात मेंदूतील हायपोक्रेटिन हे द्रव्य कमी पडते. त्यात हसू आले वा राग आला की स्नायू एकाएकी ढिले पडतात, ही गोष्ट सुकाणू हाती असलेल्या माणसाच्या बाबतीत डुलकीइतकीच घातक होय.

झोपाळूपणा मोजण्यासाठी मेलबर्न येथील मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली सर्वत्र वापरतात. आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला रुग्ण ० ते ३ गुण देतो. २४ पैकी १० हून अधिक गुण झाल्यास झोपाळूपणा अधिक समजतात. ही पद्धत सोपी व बिनखर्चाची आहे. पण परवान्यावर पोट असलेला चालक खरे उत्तर देईलच असे नाही. शिवाय वर्षानुवर्षे पेंगणाऱ्या माणसाला तीच आपली प्रकृती वाटू लागते. यासाठी पत्नीला किंवा गाडीवरील क्लीनरला विचारलेले बरे. जागेपणा टिकविण्याची चाचणी याहून वस्तुनिष्ठ असते. तीत मंद प्रकाशाच्या खोलीत बसवून न झोपण्यास सांगतात आणि विद्युत् मस्तिष्कालेखावर लक्ष ठेवतात. दोन-दोन तासांच्या अंतराने ४० मिनिटांच्या चार फेऱ्या होतात. सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागणे हे निश्चित विकृत, तर चारही फेऱ्यांत पूर्ण वेळ जागे राहणे हे सर्वांत आश्वासक. मधल्या उत्तरांचा अर्थ लावणे कठीण जाते. परीक्षेच्या ओढीने जागा राहिलेला मनुष्य पहाटे तीन वाजता जागा राहील, याची हमी ही चाचणी देत नाही. यापूर्वी डुलकीमुळे अपघात झाला वा होता होता टळला असेल, तर तो प्रसंग कोणत्याही गुणांकाहून मोलाचा पुरावा असतो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ खालील स्वयंघोषणेच्या नमुन्यात अपस्मार, एकाएकी शुद्ध हरपणे, घेरी, रातांधळेपणा इत्यादींची विचारणा आहे; झोपेच्या विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो वाहनचालन धोकादायक करणाऱ्या अन्य आजारांविषयीच्या सर्वसाधारण प्रश्नातच समाविष्ट समजावा लागतो. आजारपणामुळे परवाना रद्द करण्याचा अधिकार कलम १६ ने दिला असून आजार ठाऊक असताना वाहन चालविणे कलम १८६ प्रमाणे दंडनीय आहे. यूरोपीय संघाने २०१४ मध्ये वेगळी वाट धरली. मध्यम वा तीव्र श्वासरोध असलेल्याने उपचार घेऊन झोपाळूपणा आटोक्यात आणल्यास त्याला परवाना मिळू शकतो. खाजगी मोटारचालकाची फेरतपासणी जास्तीत जास्त तीन वर्षांनी व जड वाहनाच्या चालकाची एक वर्षाने होते. परत येण्याची वाट मोकळी असल्यास चालक आजार लपविण्याऐवजी सांगण्यास धजावतो, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

श्वासरोधावर असा उपचार उपलब्धही आहे. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये वर्णन केलेल्या सीपॅप यंत्राने मुखवट्यातून दाबयुक्त हवा देऊन घशाचा मार्ग उघडा ठेवता येतो. यंत्र रोज किती तास वापरले, याची नोंद त्यातच राहते आणि वैद्यकाला चालकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. आठवड्यातील चार रात्री मालमोटारीच्या केबिनमध्ये काढणाऱ्यास मात्र विजेची सोय करून घ्यावी लागते. नार्कोलेप्सी पूर्णपणे बरी होत नाही. मोडाफिनिलसारखी औषधे आणि ठराविक वेळी घेतलेली १५-२० मिनिटांची झोप यांनी ती आटोक्यात ठेवता येते. अशा रुग्णास लक्षणे काबूत असताना स्वतःची मोटार दिवसा, थोड्या अंतरापर्यंत चालविण्याची मोकळीक वैद्यक देऊ शकतो; प्रवासी बस किंवा रात्रीची मालमोटार यांबाबत मात्र निकष याहून कितीतरी कडक ठेवले जातात.