सकाळच्या गोळ्या कोणत्या?

कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीच्या ऑफिसात, परदेशी निघालेल्यांचा आरोग्यविमा काढून देणाऱ्या एक बाई बसतात. येणारे सगळे त्यांना ताईच म्हणतात. ‘कुठे निघालात?’ हे त्या आधी विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘सकाळी कोणत्या गोळ्या घेता?’ उन्हाळी सहलींची धांदल असते तेव्हा त्यांच्या टेबलाच्या कडेला बसून मी हे काम पाहिलं. पॉलिसी कॉम्प्युटरवर निघते, त्याला वेळ लागत नाही. वेळ जातो तो माणसाला बोलतं करण्यात.

एक निवृत्त बँक अधिकारी पत्नीसह आले होते. मे महिन्यात ग्रुपबरोबर युरोप आणि पावसाळ्यानंतर लेकीकडे न्यू जर्सीला, असा बेत. पासपोर्टच्या प्रती, विमानाची तात्पुरती बुकिंगं, हॉटेलांची यादी असं सगळं फायलीत ओळीनं लावलेलं. फक्त औषधांचा कागद नव्हता.

‘तब्येत ठणठणीत आहे. रोज वेताळ टेकडी चढतो,’ काका म्हणाले. ‘बीपीची एक बारीकशी गोळी, बस.’

‘आणि रात्री जेवणानंतरची?’ काकूंनी विचारलं.

‘ती काय, रक्त पातळ राहायची.’

ताईंनी पेन खाली ठेवलं. ‘ती कोणी सुरू केली, काका? कधी?’

मग हळूहळू बाहेर आलं. छातीत दुखलं होतं, अँजिओग्राफी झाली होती, एक स्टेंट बसवला होता. काकांच्या मते तो विषय संपलेला होता. ‘हे लिहायलाच हवं का? लिहिलं की हप्ता वाढतो, नाहीतर नाकारतात म्हणे.’

हा प्रश्न मी तिथे पुन्हा पुन्हा ऐकला. त्यामागे लबाडी नसते. चांगल्या कामाला निघताना आजाराचं नाव काढू नये, अशी आपल्या घरांची रीत असते. शिवाय जे औषधानं आटोक्यात आहे तो आजारच नव्हे, अशी मनाची समजूत. पण विम्याचा करार उभा असतो तो प्रपोजल फॉर्मवरच्या उत्तरांवर. तिथे लपवलेला स्टेंट पुढे हृदयाच्याच आजारात आडवा येतो असं नाही. रोममध्ये पायरीवरून घसरून मांडीचं हाड मोडलं, तरी फॉर्म खोटा भरला म्हणून सगळी पॉलिसीच वादात सापडू शकते.

लपवलेलं उघड कसं होतं, हे ताईंनी एका जुन्या फायलीवरून दाखवलं. नाव-गाव झाकलेलं होतं. शिकागोत मुलाकडे गेलेल्या एका आजोबांना इस्पितळात न्यावं लागलं होतं. फॉर्मवर सगळ्या आजारांपुढे ‘नाही’ लिहिलेलं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी पहिल्याच कागदावर पूर्वेतिहास लिहिला होता आणि त्यात रक्तदाब आणि मधुमेह, दोन्ही कित्येक वर्षांपासूनचे, अशी नोंद होती. ती माहिती खुद्द आजोबांनीच दिली होती. जीव घाबरा झाला की माणूस डॉक्टरला खरंच सांगतो, आणि सांगायलाच हवं. तो कागद क्लेमबरोबर कंपनीकडे गेला, फॉर्मशी ताडून पाहिला गेला आणि क्लेम नामंजूर झाला. बिल मुलानं हप्त्याहप्त्यानं फेडलं.

खरं लिहिलं म्हणजे सगळं मिळतं असंही नाही, आणि ताई ते स्पष्ट सांगतात. प्रवासविम्याच्या बहुतेक साध्या योजनांत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. त्या आजारामुळे जिवावर बेतलं, तर जीव वाचवण्यापुरता खर्च, तोही ठरावीक मर्यादेत. काही योजना जास्त हप्ता घेऊन या आजारांसाठी मोठी रक्कम देतात. पण यातली कोणती घ्यायची हे ठरवायला खरी माहिती टेबलावर यावी लागते. काकांनी शेवटी स्टेंट लिहिला, हप्ता वाढला. काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र उतरला, हे मी पाहिलं.

युरोपचं काम त्यामानानं सरळ असतं. शेंगेन व्हिसाच्या नियमानं किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. ते सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी लागू असावं, आणि तातडीचे उपचार, आजारपणामुळे मायदेशी परत आणणं आणि मृत्यू यांचा खर्च त्यात धरलेला असावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांपेक्षा कमी उरले असताना सहसा घेत नाहीत. आज या गटात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आहे, ब्रिटन नाही, आयर्लंडही नाही. म्हणजे पॅरिसच्या सहलीला लंडन जोडलं, तर वेगळा व्हिसा आणि पॉलिसीतही त्या देशाचा समावेश, दोन्ही पाहावं लागतं. लोक अडतात ते तारखांवर. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असतं आणि पॉलिसी आदल्या दिवशी संपलेली असते. म्हणून ताई दोन-चार दिवस जास्तच धरतात.

आणि त्या एक वाक्य ठासून सांगतात, ते मला पूर्ण पटलं. तीस हजार युरो ही व्हिसा मिळण्याची अट आहे, आजारपणाच्या खर्चाचं माप नव्हे. अट पुरी झाली म्हणजे सोय झाली, असं समजून सर्वांत स्वस्त पॉलिसी घेणारे पुष्कळ.

खरी कसोटी अमेरिकेची. पुण्या-मुंबईतल्या किती घरांतून आई-वडील वर्षाआड तिकडे जातात! एडिसनला, बे एरियात, डॅलसला. नातवंडांत चार-पाच महिने राहतात. तिथे परदेशी पाहुण्यासाठी कुठलीही सरकारी आरोग्ययोजना नाही. १९८६च्या कायद्यानुसार तिथल्या जवळपास सगळ्या इस्पितळांना इमर्जन्सीत आलेल्या कोणालाही तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते, पैसे असोत नसोत. पण बिल येतंच. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी आणि काही दिवसांचा मुक्काम, इतक्यात आकडा सहज एक लाख डॉलरच्या घरात जाऊ शकतो.

म्हणून अमेरिकेची पॉलिसी निवडताना ताई वरच्या मोठ्या आकड्याकडे बघू देत नाहीत. त्या आतलं पान उघडतात. साठीच्या पुढच्यांसाठी असलेल्या अनेक योजनांत ‘सब-लिमिट’ असतात. खोलीचं भाडं दिवसाला इतकंच, आयसीयूचं इतकं, सर्जनची फी इतकी. वर पन्नास हजार डॉलर लिहिलेलं असतं, पण प्रत्येक गोष्टीला वेगळं कुंपण असल्यानं हातात त्याच्या निम्मेही येत नाहीत. दुसरं म्हणजे डिडक्टिबल, दर क्लेममागे आपण भरायची पहिली रक्कम. तिसरी गोष्ट वयाची. सत्तरीनंतर पर्याय कमी होतात, काही कंपन्या तपासण्या मागतात. न्यू जर्सीची लेक फोनवरून म्हणाली, ‘मी इथलीच घेते, बाबा.’ तेही चालतं, पण अमेरिकेतल्या पाहुण्यांसाठीच्या योजनांतही जुन्या आजाराचा फक्त अचानक उद्भवलेला जोर धरतात, आणि तोही वयाच्या मर्यादेत. दोन्हीकडची आतली पानं शेजारी ठेवून वाचावीत. माझं मत विचाराल तर आई-वडिलांसाठी सब-लिमिट नसलेली योजना घ्यावी, हप्ता दुप्पट झाला तरी. विमानाच्या तिकिटापुढे तो फरक फार नसतो.

ब्रिटनबद्दल एक गैरसमज मी तिथे ऐकला, ‘तिकडे सगळं फुकट असतं.’ इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागातली तपासणी फुकट असते हे खरं. पण वॉर्डात दाखल करून घेतलं, की पर्यटकाला एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या दराच्या दीडपट आकारणी होते.

ताई विम्याबरोबर औषधांची पिशवीही तपासतात, तो त्यांच्या कामाचा भाग नसताना. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्याकडचं ब्रँडनाव परदेशातल्या औषधवाल्याला कळत नाही. इन्शुलिन हातातल्या बॅगेत, सामानाच्या पोटात ते गोठू शकतं. दुबईला जाणाऱ्यांना त्या जास्त वेळ बसवतात. आपल्याकडे सहज लिहून दिली जाणारी कोडिनची खोकल्याची औषधं, ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या तिथे नियंत्रित आहेत, आगाऊ परवानगी लागते. खसखस तर बंदच आहे. दिवाळीत लेकीला अनारसे नेणाऱ्या आईला हे कोणीतरी आधी सांगायला हवं. तपकिरी, कुरकुरीत अनारशावरचे ते पांढरे दाणे विमानतळावर अडचणीत आणू शकतात.

केनियाला मसाई मारातलं प्राण्यांचं स्थलांतर बघायला जाणाऱ्यांचं वेगळं. तिथून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. नसेल तर विलगीकरणात ठेवतात. ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, हव्या त्या दिवशी मिळेलच असं नाही. साठीच्या पुढच्यांनी ती घ्यावी की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं. एकदा घेतली की २०१६च्या बदललेल्या नियमानुसार प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

पॉलिसीत एक ओळ असते, जी वाचताना सगळे नजर वळवतात. ‘पार्थिव मायदेशी आणणे.’ ताई ती मोठ्यानं वाचतात. काकांनी हात केला, ‘असू दे, असू दे.’ त्या थांबल्या नाहीत. परदेशात मृत्यू झाला तर तिथला मृत्यूचा दाखला, पार्थिव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला, भारतीय दूतावासाचं ना-हरकत पत्र, पासपोर्ट रद्द करणं, विमानकंपनीचा माल विभाग, एवढं सगळं अनोळखी गावात, दुःखात बुडालेल्या एका माणसाला करावं लागतं. पैशांबरोबर ही धावपळ करणारं माणूस विम्यातून मिळतं का, हे आधी विचारून घ्यायचं. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘वाचा हो, मला ऐकायचंय.’ आमच्या पिढीच्या बायकांनी इतकं सरळ बोलावं, याचा मला आदर वाटला.

शेवटी ताई एक कार्ड देतात. त्यावर पॉलिसीचा नंबर आणि मदतकेंद्राचा चोवीस तासांचा फोन. दाखल व्हायची वेळ आली, तर शक्य तितक्या लवकर, बहुधा चोवीस तासांच्या आत, तिथे कळवायचं. कॅशलेसची व्यवस्था तिथूनच होते. बाह्यरुग्ण म्हणून भरलेली बिलं, चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्जचे कागद आणि बोर्डिंग पास जपून ठेवायचे. क्लेम अन्यायानं नाकारला असं वाटलं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जायचं, आणि तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुणे दोन्हीकडे आहेत, आणि तिथे वकील लागत नाही.

दिवाळीच्या किंवा पुढच्या मे महिन्याच्या सहली आता ठरू लागतील. परदेशातल्या मुला-मुलींना माझी विनंती आहे, की आई-वडिलांची तिकिटं काढायच्या आधी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना एक फोन करा. वडील सांगणार नाहीत ते डॉक्टर सांगतील. आणि जे सांगतील ते फॉर्मवर जसंच्या तसं लिहा.