सेकंड हँड आणि सेकंड ओपिनियन

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांना माझ्याकडून मधुमेह अथवा उच्च रक्तदाब अपेक्षित असावा. परंतु त्या विषयांवर अधिकारवाणीने लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात मी ज्या विषयाचा अहोरात्र अभ्यास केला, तो निराळाच होता. चारही चाकांना जोर असणाऱ्या दोन वापरलेल्या गाड्या समोर होत्या, एक जुनी आणि एक नवी. त्यांतली कोणती घ्यावी? एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला इतके वाचन केले असते तर कदाचित आज मी मन्नाएखेळ्ळीत नसतो. (सौभाग्यवतींच्या मते, तरीही इथेच असतो.)

मूळ कारण सांगितल्याशिवाय ही हौस श्रीमंती थाटाची वाटेल, म्हणून ते आधी सांगतो. सप्टेंबर २०२३ मधली एक रात्र. आखाड्यावर जमिनीवर झोपलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मण्यार चावली होती. माझ्याकडे आणला तेव्हा त्याच्या पापण्या मिटू लागल्या होत्या आणि शब्द जड झाले होते. सर्पविषावरील लस सुरू केली, पण श्वास उथळ होत चालला होता. व्हेंटिलेटर बिदरला. रुग्णवाहिका दुसऱ्या खेपेला गेलेली. तेव्हा मुलाला माझ्याच गाडीत मागच्या सीटवर घेतले, त्याच्या चुलत्याला सुकाणूवर बसवले आणि मी मागे बसून अंबू बॅग दाबू लागलो.

आपल्या भागातील माती आपणां सर्वांना ठाऊक आहे. बिदरच्या पठारावर तांबडा जांभा, कलबुर्गीच्या बाजूला तुरीची काळी जमीन, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ही दोन्ही डांबरावर येतात. त्या रात्री एका वळणावर गाडीचे पुढचे टोक सरळ गेले आणि चाके कडेच्या चिखलात रुतली. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. साध्या डिफरन्शियलची रीत अशी की, एक चाक निसटू लागले की इंजिनाचा जोर त्याच निसटत्या चाकाकडे वाया जातो आणि पकड असलेल्या चाकाला काही मिळत नाही. मागची दोन्ही चाके कोरड्या डांबरासारख्या घट्ट मुरमावर निवांत उभी होती आणि त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. ट्रॅक्टर येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. त्या चाळीस मिनिटांत मी बॅग दाबत राहिलो आणि मनात मोजत राहिलो. मुलगा वाचला. तीन दिवस व्हेंटिलेटरवर राहून चालत घरी गेला. माझी झोप मात्र बराच काळ गेली होती.

पुढच्याच वर्षी आमचे सर गेले. या भागात चाळीस वर्षे शस्त्रक्रिया केलेले, माझे गुरू. त्यांची मोटारीची आवड सर्वश्रुत होती. तरुणपणी विलीज जीपमधून खेडोपाडी फिरलेले सर उतारवयात हैदराबादहून २०१० सालची स्कोडा सुपर्ब व्ही-सिक्स घेऊन आले, तेव्हा आम्ही सारे चकित झालो होतो. बाहेरून एखाद्या बँक मॅनेजरची शोभावी अशी गंभीर चेहऱ्याची सेडान, आत ३.६ लिटरचे, सहा सिलिंडरचे, २६० अश्वशक्तीचे इंजिन आणि चारही चाकांना जोर. सिलिंडरच्या दोन रांगांमधला कोन इतका अरुंद, जेमतेम साडेदहा अंशांचा, की दोन्ही रांगांना मिळून एकच डोके पुरते. सर हे समजावून सांगताना हाताचे दोन पंजे जोडून दाखवत. "हे बघ, नमस्कार करतोय," म्हणत.

सरांनंतर गाडी वर्षभर अंगणातच उभी होती. एके दिवशी काकूंनी बोलावून चावी पुढे केली. "तू घे. दुसऱ्या कुणाला दिली तर तो ती टॅक्सी करील. पैसे तुला वाटतील ते दे."

याच सुमारास पुण्यातील माझ्या मेहुण्याने २०२२ सालच्या कोडिॲकची खबर आणली. तीही स्कोडाचीच आणि तीही चारही चाकांची. इंजिन दोन लिटरचे, टर्बो, १९० अश्वशक्तीचे, नऊ एअरबॅग. मालक परदेशी निघालेला, गाडी स्वच्छ. किंमत अर्थातच काकूंच्या गाडीच्या कित्येक पट. बारा वर्षांनी धाकटी असलेली ही गाडी सत्तर अश्वशक्तीने दुबळी होती, ही गोष्ट मला बरेच दिवस खुपत राहिली.

चारही चाकांना जोर देण्याची कल्पना जीपच्याही आधीची, परंतु ती वेगवान मोटारीत आणून जगाला थक्क केले ते ऑडीने, १९८० च्या जिनिव्हा प्रदर्शनात मांडलेल्या 'क्वाट्रो'ने. त्यापूर्वी जाणकारांचे मत असे की, ही यंत्रणा अवजड. शेतात ठीक, शर्यतीत नको. १९८१ मध्ये मिशेल मूतों या फ्रेंच स्त्रीने त्याच गाडीतून सान रेमोची रॅली जिंकली आणि तो वाद मिटला. आपल्याकडील गौरव गिल यांनी आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद २०१३, २०१६ आणि २०१७ असे तीनदा मिळवले, तेही चारही चाके ओढणाऱ्या स्कोडा फाबियातून. सरांना हे सारे तोंडपाठ असे.

तथापि माझ्या समोरच्या दोन्ही गाड्यांची यंत्रणा त्या पहिल्या क्वाट्रोसारखी नाही. एरवी जोर बहुतांशी पुढच्या चाकांकडेच असतो. मागे तेलात बुडालेल्या चकत्यांचा एक संच असतो, त्याला मूळच्या स्वीडिश कंपनीवरून हॅल्डेक्स म्हणतात. पुढचे चाक निसटण्याची चाहूल लागली की संगणक त्या चकत्या एकमेकींवर दाबतो आणि मागची चाके कामाला लागतात. हे सारे एका पापणीच्या आत. नवीनमध्ये याचीच सुधारलेली पिढी आहे. मात्र ते तेल ठरावीक काळाने बदलावे लागते, आणि बदलले नाही तर यंत्रणा निमूटपणे निकामी होते. गाडी चालतच राहते, फक्त मागची चाके कधी कामाला येत नाहीत आणि मालकाला पत्ताही नसतो. डॉक्टरमंडळींना यावरून आपले काही जुने मधुमेही आठवतील.

म्हणून सुपर्बची तपासणी रीतसर केली. प्रथम इतिहास: काकूंनी सरांची फाइल काढली. सरांच्या हाताखालचे सर्व कागद जागच्या जागी होते, पण शेवटच्या तीन वर्षांत, म्हणजे त्यांची दृष्टी अधू झाल्यावर, ड्रायव्हरने फक्त इंजिनाचे तेल बदलले होते. गिअरबॉक्सचे नाही, हॅल्डेक्सचे नाही. नंतर प्रत्यक्ष परीक्षा. चारही टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचला, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन टायर २०१६ चे आणि दोन २०२१ चे निघाले. चारही चाकांच्या गाडीत हे विशेष वाईट, कारण झिजलेल्या आणि नव्या टायरचा घेर सारखा नसतो आणि तो फरक त्या चकत्यांना सतत सोसावा लागतो. शेवटी हैदराबादच्या एका अनुभवी मिस्त्रीकडे नेली. त्याने सकाळी थंड इंजिन सुरू करायला सांगितले आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली. मी माझा स्टेथोस्कोप पुढे केला. त्याने तो आदराने घेतला, ऐकले, परत दिला आणि म्हणाला, "साब, चेन की आवाज है. थोडी."

ती चेन बदलायची तर या इंजिनात गिअरबॉक्स उतरवावा लागतो, कारण चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचा खर्च थोडा, तिथवर पोहोचण्याचा खर्च मोठा.

शिवाय कागदपत्रे. २०१० च्या गाडीला २०२५ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण. नोंदणीचे नूतनीकरण आवश्यक. फॉर्म २५, गाडीची तपासणी, २०२२ पासून पाच हजार रुपये शुल्क, आणि मिळणार पुढची पाच वर्षे. वीस वर्षांपुढील मोटारींना २०२५ मध्ये ते शुल्क दहा हजार झाले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येते. २०१० च्या नळ्या आणि रबर त्यासाठी केलेले नाहीत. अर्थात नवीचे कागदही सरळ नव्हते. महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात आणायची म्हणजे फॉर्म २८ वर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, मग इथला आजीवन कर, मग एमएचचा केए-३८. आपल्यासारख्या सीमेवर राहणाऱ्या माणसाच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक असतात, पण आरटीओ नसतो!

एका रविवारी पावसात दोन्ही गाड्या महामार्गावर हुमनाबादपर्यंत चालवून पाहिल्या. मेहुणा कोडिॲक घेऊनच आला होता. सुपर्बचा वेग अंगावर येत नाही, मागून कोणी पाठीला हात लावून ढकलावे तसा येतो, आणि ओल्या रस्त्यावर चारही चाकांची पकड अशी की आपण उत्तम चालक आहोत असे वाटू लागते. समोर एक ऊसगाडी आडवी आली तेव्हा ब्रेक लावला आणि हा भ्रम गेला. चारही चाकांचा जोर गाडी पुढे नेताना उपयोगी. थांबवताना तिथे फक्त टायर, ब्रेक आणि रस्ता. २०१६ च्या टायरने मला ते स्पष्ट सांगितले. कोडिॲकचे वागणे कंटाळवाणे म्हणावे इतके शांत होते. तळही उंच, म्हणजे आखाड्यापर्यंत जाता येईल. पण ओव्हरटेक करताना ती विचार करते, आणि सुपर्ब विचार करत नाही.

घरी आल्यावर मी कागदावर दोन रकाने केले. सुपर्बचा रकाना लांबत गेला, कारण त्यात मी सरांच्या आठवणी लिहीत होतो. सौभाग्यवतींनी तो कागद वाचला आणि चहाचा कप ठेवून एवढेच विचारले, "अहो, तुमच्या छातीत दुखू लागलं आणि रात्री मला एकटीला तुम्हाला हैदराबादला न्यायचं झालं, तर मी यातली कोणती चालवू?"

मला २०१९ मध्ये स्टेंट बसलेला आहे. या सगळ्या महिन्यांत प्रत्येक वेळी सुकाणूवर मीच आहे आणि मागच्या सीटवर दुसरा कोणी, असेच मी धरून चाललो होतो. चाळीस मिनिटे बॅग दाबणारा माणूस मागे कधी आडवाही असू शकतो, हे माझ्या रकान्यांत कुठेच नव्हते.

कोडिॲक घेतली. नऊ आठवड्यांनी तिला केए-३८ मिळाला.

काकूंना नकार सांगायला जाताना पाय जड झाले होते. त्या रागावल्या नाहीत. "मग राहू दे इथंच," म्हणाल्या. मीच हट्टाने सुपर्बची जबाबदारी घेतली. चार सारखे टायर, हॅल्डेक्सचे आणि गिअरबॉक्सचे तेल, नोंदणीची पाच वर्षे. चेन अजून तशीच आहे. थंड सकाळी मी ऐकतो, आवाज वाढला की उतरवायची. दर गुरुवारी काकूंना घेऊन माणिकनगरला प्रभूंच्या दर्शनाला जातो. काकू मागे बसतात. मी एकदा पुढे बसायला सांगितले, तर म्हणाल्या, "तिथं ह्यांची बॅग असायची." तेव्हापासून मी माझी बॅग पुढच्या सीटवर ठेवतो.