दादरचा आकडा

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका बाजारात माझ्या खिशातला मोबाइल गेला. पोलीस ठाण्यात अर्ज लिहिताना मी 'चोरीला गेला' असे लिहिले होते. 'गहाळ झाला' असे लिहा, काम लवकर होईल, असे सांगण्यात आले. मलाही सिमकार्डाची घाई होती. मी शब्द बदलला, सही केली. त्या वर्षीच्या चोऱ्यांत माझा मोबाइल नाही. गुन्हे एकाने घटले, ते असे.

तेव्हापासून 'अमुक वस्तीत गुन्हे वाढले' अशी बातमी वाचली की मी आधी विचारतो : मोजले काय, आणि कोणी? मी राहतो त्या दादरचेच उदाहरण घेऊ.

दादर ही लोकांच्या मनातली वस्ती आहे. पोलिसांच्या नकाशात ती एकसंध नाही. पश्चिमेला दादर आणि शिवाजी पार्क अशी दोन ठाणी, पूर्वेचा भाग माटुंगा व भोईवाडा यांच्याकडे. फलाटावर पाकीट मारले गेले, तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे. त्यांचे आयुक्तालयच निराळे. म्हणजे जिथे सर्वांत जास्त गर्दी, तिथली चोरी शहर ठाण्यांच्या हिशेबात येतच नाही. एनसीआरबीचा वार्षिक अहवाल जिल्हे आणि आयुक्तालये यांपर्यंत आकडे देतो, ठाण्यापर्यंत उतरत नाही.

दुसरी अडचण भागाकाराची. गुन्ह्यांचा दर लाख लोकसंख्येमागे काढतात. महानगरांसाठी लोकसंख्या धरतात ती 2011 च्या जनगणनेची. दादरच्या बाजारात मंगळसूत्र जाते ते विरारच्या किंवा डोंबिवलीच्या बाईचे. भागायचे मात्र दादरच्या रहिवाशांनी. मग वस्ती आहे त्याहून धोकादायक दिसते.

तिसरी गोष्ट मोजण्याच्या नियमाची. एकाच एफआयआरमध्ये खून आणि चोरी दोन्ही असतील, तर अहवालात फक्त खून मोजला जातो. अदखलपात्र तक्रारी, म्हणजे आपल्या बोलीतली 'एनसी', या दखलपात्र गुन्ह्यांच्या बेरजेत नसतात. शेजाऱ्याची शिवीगाळ, किरकोळ मारहाण बहुधा तिथेच थांबते.

आकडा किती फसवू शकतो, हे 2020 ने दाखवले. त्या वर्षी देशातले नोंदलेले गुन्हे सुमारे 28 टक्क्यांनी वाढले. पण चोऱ्या घटल्या होत्या. वाढ मुख्यतः टाळेबंदीच्या आदेशभंगाची होती : भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली 2019 मध्ये 29,469 गुन्हे होते, ते 2020 मध्ये 6,12,179 झाले. बेरीज बरोबर होती. तिच्यावरून 'देश बिघडला' म्हणणे चूक होते.

उलटही खरे आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितले. एखाद्या ठाण्याने ते मनापासून पाळले, तर पहिल्या वर्षी तिथले गुन्हे 'वाढतील'. वाढलेला आकडा कधीकधी प्रामाणिक ठाण्याची खूण असतो, आणि घटलेला आकडा दारातून परतलेल्या माणसांची.

म्हणून वस्तीचा आकडा वाचताना मी खुनांकडे आधी पाहतो. प्रेत सहसा 'गहाळ' लिहिता येत नाही. चोरी, छेडछाड, घरातली मारहाण यांचे आकडे वाचताना मात्र न नोंदलेल्यांसाठी मनात एक रिकामा रकाना ठेवतो.

त्या रकान्यात माझी एक सही आहे. शब्द दुसऱ्याने सुचवला, हे खरे, लिहिला मी.