फिरत्या पिंपातील खत
ओला कचरा फिरत्या पिंपात भरून मूठ गरगरा फिरवली की पंधरवड्यात खत हजर, ही विक्रेत्यांची ग्वाही अर्धसत्य होय. जिवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून रास उलथावी लागते, हा दंडक अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या खतनिर्मितीच्या इंदूर पद्धतीतही होताच, व ते श्रम पिंप निःसंशय वाचवते. परंतु झटपट खतास लागणारी ५५-६० अंशांची उष्णता टिकून राहण्यास सुमारे घनमीटरभर रास लागते, ती शे-दीडशे लिटरांच्या पिंपात कोठून यावी? त्यातून सालींच्या जोडीला वाळका पाला नसला, तर आत चिखलाचे गोळेच लोळत राहतात. उंदरांचा उपद्रव असेल किंवा कंबर वाकत नसेल, तर पिंप खुशाल घ्यावे. एरवी भोके पाडलेली जुनी बादली पुरे.