तिशीतला प्राधान्यक्रम: संपणारी कामं आणि न संपणारी

मित्रहो, मागच्या वेळी आपण 'विवेक' या शब्दापाशी थांबलो होतो. आज तोच शब्द तिशीतल्या माणसाच्या संसारात नेऊन बघूया.

ध्येयं ठरवायला बसलं की काय होतं? यादी होते. स्वतःचं घर, बढती, मुलाची शाळा, वजन उतरवणं, गावी आईवडिलांकडे लक्ष देणं. सगळंच पहिलं! पण क्रम म्हटला की कशाला तरी पाचवं, सहावं व्हावंच लागतं. ते आपण ठरवलं नाही, तर दुसरं कुणीतरी ठरवतं. 50 लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता बसतो महिन्याला साधारण 43,400 रुपये. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला हा हप्ता आपला प्राधान्यक्रम आपल्याला सांगून जातो. आम्ही कर्जाविरुद्ध बोलत नाही आहोत, घर लागतंच. पण ज्या कामाला तारीख असते ते पुढे सरकतं, आणि ज्याला तारीख नसते ते निमूटपणे मागे राहतं.

इथे अ‍ॅरिस्टॉटलनं 'मेटाफिजिक्स'च्या नवव्या ग्रंथात केलेला एक भेद फार कामाला येतो. काही कामांचं साध्य त्या कामाच्या पलीकडे असतं. घर बांधणं घ्या. बांधकाम चालू आहे तोवर घर झालेलं नसतं, आणि घर झालं की बांधणं संपतं. याला तो 'किनेसिस' म्हणतो. पाहणं, विचार करणं, चांगलं जगणं यांचं मात्र तसं नाही. पाहतानाच पाहणं पूर्ण होत असतं, पुढच्या मुक्कामाची वाट बघावी लागत नाही. ही 'एनर्गिया'.

आता ती यादी परत बघा. बढती, घर, वजन हे सगळं पहिल्या खात्यात. मुलाचं वाढणं बघणं, मैत्री, आईवडिलांची सोबत ही दुसऱ्या. आपण काय करतो, दुसऱ्या खात्यातल्या गोष्टीसुद्धा उरकायच्या कामांसारख्या लिहून ठेवतो आणि म्हणतो, "आधी बाकीचं मार्गी लावू, मग निवांत बघू." पण बाकीचं मार्गी लागलं की त्याच्या जागी नवं 'बाकीचं' येतं.

हिशेबच करायचा तर हाही करा. आईवडील सत्तरीच्या घरात, गावी. आपण पुण्यात नाहीतर बंगळुरूत. गणपतीला चार दिवस, दिवाळीला चार दिवस. पुढची 15 वर्षं धरली तर 120 दिवस होतात. म्हणजे चार महिने, आणि तेही हातातला फोन खाली ठेवला तर. कर्जाच्या आकड्याशेजारी हा आकडाही कागदावर असावा, इतकंच आमचं म्हणणं.

मग संपणारी ध्येयं टाकून द्यायची का? मुळीच नाही. धोंडो केशव कर्व्यांची तिशी बघा. जन्म 1858 चा. 1891 मध्ये ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले, 1893 मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला, आणि त्यापायी मुरूडला बहिष्कार सोसला. पुनर्विवाहाच्या प्रचाराचं कामही हाती घेतलं. पण 1896 मध्ये विधवांसाठी आश्रमाची संस्था काढली, आणि पुढे प्रचाराचं काम मागे ठेवून सगळी शक्ती शिक्षणावर लावली. मागे ठेवलेलं कामही चांगलंच होतं, हे लक्षात घ्या. वाईट गोष्ट सोडायला प्राधान्यक्रम लागत नाही, तिथे साधी अक्कल पुरते. दोन चांगल्या गोष्टींतली एक मागे ठेवताना खरी कसोटी लागते. आणि त्यासाठी मोजपट्टी मिळत नाही, पगार आणि सोबत एका तराजूत बसत नाहीत.

एक गोष्ट मात्र करता येते. जे मागे ठेवणार, ते ज्याच्या वाट्याचं आहे त्याला तोंडानं सांगायचं. "पुढची दोन वर्षं मला बदलीची बढती नको," असं साहेबांना. किंवा, "आई, दोन वर्षं माझं येणं कमी होईल," असं आईला. यातलं कुठलं वाक्य जिभेवर येतं आणि कुठलं घशात अडकतं, ते बघा. अडकलं तर यादी परत लिहायला घ्या.

आता चिठ्ठ्यांकडे वळू. पहिला प्रश्न एकत्र कुटुंबाबद्दलचा आहे.