अर्थिंगच्या तारेची जाडी

घरांत वीज आणणाऱ्या तारेची चौकशी सर्वच करतात. अर्थिंगच्या तारेची क्वचितच कोणी करतो. एरव्हीं ती रिकामी बसलेली दिसते. परंतु धुलाईयंत्राच्या पत्र्यांत वीज उतरली, कीं फ्यूज उडेपर्यंत सारा प्रवाह तिलाच वाहावा लागतो. ती बारीक असेल तर फ्यूजच्या आधीं तीच वितळते, आणि पत्र्यास हात लावणाराचा जीव धोक्यांत येतो.

यासाठीं भारतीय मानकाचा नियम सोपा आहे. वीज आणणारी तांब्याची तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असल्यास अर्थिंगची तांब्याची तारही तेवढीच असावी, १६ ते ३५ पर्यंत १६ची, त्यापुढें निम्मी.

तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. त्याच्या जवळच्या दांडीसारख्या किनाऱ्यावरील गांवीं मात्र एवढ्यानें भागत नाहीं. खारा वारा लोखंडी तार गंजवितो, आणि गंज चढेल तितकी जाडी घटते. शिवाय कोरडी वाळू प्रवाहास वाट देत नाहीं. म्हणून अर्थिंगचा गज ओलाव्यापर्यंत खोल न्यावा, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीसच वीज तोडणारें यंत्र बसवावें.

वायरमनला दिव्यांचा खर्च विचारतांना या मुक्या तारेची जाडीही अवश्य विचारा.